सामाईक विहिरीवर सौरपंप: थोरले दीर सही का देत नाहीत?

पत्र थोडक्यात असं आहे. बीड जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. वाटणीत आलेलं अडीच एकर रान, सातबारा नवऱ्याच्या नावावर, नवरा पुण्याकडे कंपनीत कामाला. शेती सगळी ताईच बघतात. विहीर थोरल्या दिरांसोबत सामाईक, निम्मा-निम्मा हिस्सा. विजेचं कनेक्शन सासऱ्यांच्या काळातलं, आता दिरांच्या नावावर, आणि त्याच मोटारीवर दोन्ही घरांच्या पाळ्या चालतात. एक आठवडा लाईट दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला दहावीतला मुलगा पाण्याची दारं धरायला जातो. वेगळ्या कनेक्शनसाठी कोटेशन भरून वर्षं झाली, पोल काही आला नाही. आता महावितरणकडून निरोप आला की ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून सौरपंप घ्या. कागद सगळे जमले, पण दीर ना हरकत देत नाहीत. नवरा म्हणतो, बिल माफच आहे तर सौरची कटकट कशाला. ताईंचा विचार असा की ५ एचपीचा पंप घ्यावा, दिवसभर पाणी असेल तर एक एकर ऊस लावावा, म्हणजे मजुरांमागे पळायला नको. त्या विचारतात: “भाऊजींना आमचं बरं झालेलं बघवत नाही असं वाटतं. सही कशी मिळवू? की तहसीलमध्ये अर्ज देऊ?”

ताई,

सहीचं बोलूच, पण आधी मुलाचं. त्याची रात्रीची पाळी आजपासून बंद करा. सौरपंप मंजूर होऊन रानात उभा राहायला वेळ लागेल, आणि तोवर दहावीचं पोर अंधारात, ओल्या चारीत, साप-किरडाच्या वाटेवर पाठवायचं नाही. दिरांच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवता येतो, फोन लावून मोटार चालू-बंद होते. खर्च निम्मा तुम्ही द्या. ठिबक असेल तर रात्री रानात कोणी उभं राहायची गरज उरत नाही, आणि पाटानं देत असाल तर रात्रीच्या आठवड्यातलं पाणी पहाटे उजेडायच्या सुमाराला घेता येईल का ते दिरांशी बोला. ही मागणी कोणत्याही चुलत्याला नाकारता येणार नाही. बोलण्याची सुरुवातही इथूनच करा, सौरपासून नको.

आता दिरांचं. तुम्ही लिहिलंय की त्यांना बघवत नाही. मी त्यांना ओळखत नाही, तुम्ही ओळखता. पण पत्र दोनदा वाचल्यावर मला त्यांच्या नकारात एक साधी भीती दिसली आणि ती खोटी नाही. आज तुमच्या विहिरीवर एकच मोटार आहे. लाईट आठ तास, तीही कधी दिवसा कधी रात्री. कितीही चिडचिड झाली तरी या लाईटनंच तुमच्या दोन घरांत पाणी वाटून दिलंय: लाईट गेली की उपसा थांबतो, विहिरीला दम मिळतो, मग दुसऱ्याची पाळी. उद्या तुमचा सौरपंप बसला की सकाळी आठ-साडेआठला सुरू होऊन संध्याकाळी पाचपर्यंत चालेल. रोज. बिल नाही, भारनियमन नाही, डिझेल नाही, बंद करायला काही कारण नाही. रात्रीच्या आठवड्यात दीर मोटार चालू करायला जातील तेव्हा विहिरीच्या तळाला किती पाणी असेल? त्यांनी हे बोलून दाखवलं नसेल. गावाकडे माणसं असलं बोलत नाहीत, सही द्यायचं टाळतात.

सौरपंपांबद्दल जगभर जी मोठी काळजी आहे ती हीच. पंप एकदा बसला की पाण्याचा पुढचा लिटर फुकट पडतो, आणि फुकट पाण्याला उपसायची घाई होते. आपल्याकडे खाली काळा पाषाण. गंगेच्या खोऱ्यासारखा गाळाचा थर नाही की कितीही ओढा. पावसाळ्यात फटींत आणि मुरमात जेवढं मुरलं तेवढंच वर्षभर पाझरणार.

म्हणून माझी विनंती अशी की पंपाचा एचपी ठरवण्याआधी विहिरीचा हिशोब मांडा, आणि दिरांना सोबत घेऊन मांडा. काम अवघड नाही. विहीर २० फूट व्यासाची असेल, आपल्याकडे बऱ्याचदा असते, तर एक फूट उंचीच्या पाण्यात सुमारे ८,९०० लिटर पाणी बसतं. संध्याकाळी उपसा संपला की दोरीला दगड बांधून पातळी मोजा आणि कठड्यावर खडूनं आकडा लिहा. रात्रभर मोटार बंद. पहाटे पुन्हा मोजा. जेवढे फूट चढलं तेवढी विहिरीची एका रात्रीची आवक. हे दिवाळीनंतर एकदा, संक्रांतीला एकदा आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास एकदा करा. तिन्ही आकडे एकाच वहीत, दोघांच्या देखत.

समजा उन्हाळ्यात रात्रीतून पाणी चार फूट चढलं. म्हणजे साधारण ३५ हजार लिटर. दिवसाही थोडं पाझरत राहील, पण आधार धरायचा तो एवढ्याचाच. तुमचा निम्मा हिस्सा १७-१८ हजार. आता ऊस. एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ४,०४७ लिटर, धरा चार हजार. एप्रिल-मेमध्ये उसाला ठिबकनं दिलं तरी एकरी रोज २० हजार लिटरच्या वर लागतं, आणि पाटानं एक हलकी पाळी, दोन इंचाची, द्यायची म्हटलं तर २ लाख लिटर. तुमच्या वाट्याच्या पाण्यात एक एकर ऊस ठिबकवरही उन्हाळा काढत नाही, आणि उरलेल्या दीड एकराला तर थेंब उरत नाही. मोजल्यावर तुमचा आकडा वेगळा निघेल. सहा फूट चढलं तर मला आनंदच आहे, तरी बेरीज हीच करायची.

ऊस मजूर वाचवतो हे खरं आहे, आणि एकट्या बाईनं शेती ओढताना ते केवढं मोठं कारण आहे हे मला कळतं. पण ऊस बारा महिने पाणी मागतो आणि तुमची विहीर बारा महिने सारखी नाही. त्याच पाण्यात रब्बीला हरभरा किंवा ज्वारीला संरक्षित पाळ्या, थोडा भाजीपाला, अर्ध्या एकरात लसूणघास किंवा फळझाड असं काही बसतं का ते कृषी सहायकांसोबत बसून बघा.

आता पंपाचा हिशोब. योजनेत अडीच एकरापर्यंत ३ एचपी, त्यापुढे पाच एकरापर्यंत ५ एचपी आणि पाच एकराच्या वर साडेसात एचपी असं बसतं. तुम्ही लिहिलंय की एकानं रान जास्त दाखवून ५ एचपी मिळवून देतो म्हटलंय. त्याला नमस्कार करा आणि वाटेला लावा. ३ एचपी तुम्हाला कमी नाही. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या मानकाप्रमाणे ३ एचपीच्या डीसी पंपाला ३,००० वॉटची पॅनेलं असतात. कडक उन्हाचा दिवस आणि पॅनेल दिवसातून तीनदा सूर्याकडे फिरवलेलं, असं धरून ३० मीटर हेडला (हेड म्हणजे पंपाला पाणी एकूण जेवढं वर ढकलावं लागतं ते, पुढे नीट सांगते) त्यानं दिवसाला लाखावर लिटर द्यायला हवं, ५० मीटरला साठ हजारांवर आणि ७० मीटरला चाळीस हजारांवर. एसी पंप याच्या थोडं खाली राहतो. रानात ढग, धूळ, एका जागी पक्कं बसवलेलं पॅनेल हे सगळं धरून त्यातलं पाव वजा केलं तरी तुमची विहीर उन्हाळ्यात जेवढं देते त्याच्यापेक्षा पंपाची ताकद जास्त आहे. ५ एचपी घेतला तर विहीर लवकर कोरडी पडेल एवढंच होईल.

हेडचं मात्र नीट समजून घ्या, कारण सौरपंपाच्या बऱ्याच तक्रारी इथून सुरू होतात. विहीर ५० फूट खोल म्हणजे हेड ५० फूट नव्हे. उन्हाळ्यातल्या पातळीपासून वर यायची उंची, तिथून रानाच्या सगळ्यात उंच कोपऱ्यापर्यंतचा चढ, पाइपातली घसट, आणि शेवटी ठिबकच्या फिल्टरला किंवा तुषार सिंचनाच्या नोझलला लागणारा दाब, हे सगळं मिळून हेड होतं. तुमचं पाणी उन्हाळ्यात १५ मीटरवर जात असेल, रान तीन मीटर चढावर असेल आणि ठिबक व पाइपासाठी १२ मीटर धरले तर ३० मीटर झाले. तुषारवर हरभरा करायचा तर नोझललाच २०-२५ मीटरचा दाब पाहिजे, म्हणजे गणित ५० मीटरच्या जवळ गेलं आणि पंपही वेगळा लागला. सर्वेक्षणाला माणूस येईल तेव्हा “विहीर किती फूट?” एवढंच विचारून तो निघायच्या बेतात असेल तर थांबवा. उन्हाळ्यातली पातळी, रानाचा चढ, पाइपाची लांबी आणि ठिबक की तुषार, हे चारही त्याला लिहून घ्यायला लावा. विहिरीवर दिरांचं कनेक्शन आहे हेही आपणहून सांगा, लपवू नका. नंतर निघालं तर अर्ज अडकेल.

नवऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मार्च २०२९ पर्यंत बिल माफ आहे. पण ती माफी ज्याच्याकडे कनेक्शन आहे त्याला. तुमच्याकडे कोटेशनची पावती आहे. आणि रात्री रानात जाण्याचं बिल कुठल्याच योजनेत माफ होत नाही, ते तुमचं लेकरू भरतंय. पुण्यात राहून ते दिसत नसेल तर फोनवर स्पष्ट सांगा.

एक गोष्ट मात्र अर्ज पुढे नेण्याआधी विचारून घ्या. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये गावाजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला, म्हणजे सबस्टेशनपासून शेतीपंपांकडे येणाऱ्या लाईनला, दिवसा लाईट द्यायचं काम चालू आहे. तुमचा फीडर त्यात आहे का, प्रकल्प कुठवर आलाय, हे सबस्टेशनला जाऊन विचारा. लाईनमन खरं सांगतो. वर्षभरात दिरांच्या मोटारीला दिवसा लाईट येणार असेल तर तुमची रात्रीची अडचण दुसरा पंप न बसवताही सुटते. एका विहिरीवर एकच मोटार आणि लिहून ठेवलेल्या पाळ्या, हा पर्याय स्वस्त आहे आणि विहिरीला सोसणारा आहे. त्याची अडचण एकच, मोटार दिरांच्या नावावर राहते आणि उद्या बिनसलं तर तुम्ही पुन्हा हात पसरणार. तुमच्या जागी मी असते तर फीडरची बातमी काहीही असो, स्वतःच्या नावचा पाण्याचा हक्क सोडला नसता. पण त्यासाठी दिरांशी भांडण घेऊन तहसीलची पायरीही चढले नसते. सामाईक विहिरीचा वाद एकदा कागदावर गेला की दोन्ही घरांतली लेकरं मोठी होऊन संसाराला लागतात तरी तारखा संपत नाहीत.

दिरांना सही मागू नका. आधी करार द्या. साध्या कागदावर, दोन्ही घरांच्या सह्या, साक्षीला गावातला दोघांनाही मान्य असणारा माणूस. पाळी तासावर ठेवू नका, कारण सौरपंपाचा तास सारखा नसतो: सकाळी नऊचं पाणी आणि दुपारी साडेबाराचं पाणी यात मोठा फरक, आणि ढग आले तर कोणाचे तास बुडाले यावर भांडण ठरलेलं. पाणी लिटरवर वाटा. दोन्ही मोटारींच्या पाइपाला शेतीचं पाणीमीटर लावा आणि दर आठवड्याला दोघांनी आकडा लिहायचा. विहिरीत आतून एक खूण मारा, चुन्याची नव्हे, ऑइलपेंटची. पाणी त्या खुणेखाली गेलं की दोन्ही मोटारी बंद, मग सूर्य कितीही तळपत असो. मार्चनंतर एक दिवस तुमचा, एक दिवस त्यांचा. आणि शक्य असेल तर त्यांना हेही देऊन टाका की ज्या दिवशी तुमच्या रानाला पाणी नको त्या दिवशी तुमच्या सौरपंपाचं पाणी त्यांच्या वाट्यातून त्यांच्या पाइपात जाईल. त्यांचीही रात्र सुटेल. ज्याची रात्र सुटते तो सहीला नाही म्हणत नाही.

हे माझ्या मनचं नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६ च्या सुमाराला सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. रानाला नको असेल तेव्हाची वीज ते वीज कंपनीला विकू लागले, युनिटला ४ रुपये ६३ पैसे दरानं. पाणी न उपसण्याचेही पैसे मिळायला लागले तसा पंप बंद ठेवण्यात अर्थ आला. बांगलादेशात एकेक मोठा सौरपंप बसवून त्याचं पाणी आजूबाजूच्या अनेक लहान शेतकऱ्यांना पैशावर देतात, प्रत्येकानं आपला पंप घ्यायची गरजच ठेवली नाही. तुमच्या योजनेतल्या सुट्या पंपाला वीज विकायची सोय नाही, पण दोन घरांनी एक पंप वाटून वापरायला कोणाची बंदी नाही. युनिव्हर्सल कंट्रोलर मिळत असेल तर तो मागा. पाणी नको असेल त्या दिवशी त्यावर कडबाकुट्टी चालते. मात्र साध्या कंट्रोलरला गावातल्या वायरमनकडून काही जोडून घेऊ नका, वॉरंटी जाईल.

पंप बसवताना तुम्ही स्वतः रानात हजर राहा. जागा निवडताना दिवसभराची सावली बघा, तीही थंडीतली, कारण थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि उन्हाळ्यात न पडणारी लिंबाची सावली डिसेंबरात पॅनेलवर येते. पॅनेलं एकामागं एक मालिकेत जोडलेली असतात. एका पॅनेलवर फांदीची सावली पडली तरी सगळ्या मालिकेचं पाणी कमी होतं. खांबांचे खड्डे पुरते खोल आणि काँक्रीट पुरतं आहे ना ते झाकायच्या आधी बघा, मोबाईलवर फोटो काढा. वळवाच्या वाऱ्यात अख्खी पॅनेलं उलटलेली रानं मी पाहिलीत आणि बहुतेक ठिकाणी पाया वीतभर होता. पॅनेल आठवड्यातून एकदा धुवा, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. एप्रिलमध्ये पाणी थोडं कमी आलं तर घाबरू नका, तापलेलं पॅनेल वीज कमीच देतं. ठिबक असेल तर रानाचे लहान भाग करून वेगवेगळे व्हॉल्व्ह ठेवा. सकाळी एक उघडा, दुपारी दोन, म्हणजे दाब टिकतो. आणि विहिरीचं पाणी उपसून शेततळं भरायची कल्पना कोणी दिली तर नको म्हणा. जमिनीखालचं पाणी उन्हात पसरून वाफ करण्यासाठी एवढा खटाटोप करायचा नाही.

पैशाचं म्हणाल तर योजनेत शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५ टक्के. बाकी अनुदान. हा वाटा महावितरणच्या पोर्टलवरच भरा. केंद्राच्या कुसुम सौरपंप योजनेच्या नावानं खोट्या वेबसाइट चालतात आणि मोबाईलवर “आजच भरा” असे निरोप येतात, त्यांना भुलू नका. पंपाला पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा आहे. पंप बंद पडला तर ज्यानं बसवला त्याला नुसता फोन करून वाट बघत बसू नका, महावितरणकडे तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. चोरी झाली तर आधी पोलिसांत, मग विम्याला. हा पंप विकता किंवा दुसऱ्या रानात हलवता येत नाही, हेही घरात सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवा.

शेवटी एक, जे तुम्ही विचारलं नाही. अर्ज नवऱ्याच्या नावावर, कारण सातबारा त्याचा. मग ओटीपीही त्याच्याच मोबाईलवर जाणार. सर्वेक्षणाचा माणूस बांधावर उभा, आणि नवरा पुण्यात शिफ्टमध्ये, फोन लॉकरमध्ये. अर्जात मोबाईल क्रमांक तुमचा द्या. आणि नवऱ्याला लक्ष्मीमुक्ती योजनेबद्दल सांगा: त्यानं स्वतःहून अर्ज केला तर सातबारावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. तलाठ्याकडे चौकशी करा. दिवाळीला तो गावी येईल तेव्हा करारावर दिरांची सही, ना हरकत आणि हा अर्ज, तिन्ही कामं त्याच चार दिवसांत उरकून घ्या.